जुन्या कॉर्डलेस माईकचे गुणमेलन

(द्वितीय वर्ष, कला)

स्नेहसंमेलनाच्या रात्री सर्वांत जास्त बोलणी कोण खात असेल, तर तो माईकवाला. नट संवाद विसरला तर प्रेक्षक हसतात, पडदा अडकला तर टाळ्या वाजवतात. पण माईक खरखरला की सारे सभागृह मागे वळून कोपऱ्यातल्या त्या टेबलाकडे पाहू लागते. तेथे बसलेल्या माणसाच्या हातात अशा वेळी बहुधा एक कॉर्डलेस माईक असतो आणि तो त्यावर तळहाताने थापट्या मारीत असतो. थापट्यांनी दोष जात नाही, हे त्यालाही ठाऊक असते.

हा दोष पुष्कळदा माईकमध्येही नसतो आणि रिसिव्हरमध्येही नसतो. तो त्या दोघांच्या जोडीत असतो. प्रस्तुत लेखात त्या जोडीविषयीच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. कला शाखेच्या विद्यार्थिनीने हा विषय का घ्यावा, असे विज्ञान शाखेतील मित्रमैत्रिणी विचारतील. त्याला कारणे दोन. माझ्या काकांचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा आहे. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच; त्यामुळे ‘डेसिबल’ हा शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी काकांच्या गोदामात ऐकला. दुसरे कारण असे की हा विषय शेवटी आपल्या भाषेशी येऊन भिडतो. तो कसा, हे पुढे येईलच.

सुट्या नगांची पेटी

कोणत्याही मंडपवाल्याच्या गोदामात एक पत्र्याची पेटी असतेच. तिच्यात रिसिव्हर नसलेले माईक असतात आणि माईक नसलेले रिसिव्हर असतात. एका सेटचा माईक वरातीत पडून फुटलेला असतो, दुसऱ्याचा रिसिव्हर अवकाळी पावसात भिजलेला असतो. मागे राहिलेले नग धडधाकट असतात आणि ते टाकून देण्याचे कोणाच्याही जिवावर येते. नवा चांगला सेट घ्यायचा म्हणजे लग्नसराईतील दोन-तीन कामांची कमाई गेली. मग सहज मनात येते, या कंपनीचा माईक आणि त्या कंपनीचा रिसिव्हर एकत्र लावून पाहावा काय?

उत्तर असे आहे की कधी चालते, कधी चालत नाही, आणि कधी चालल्यासारखे वाटते. तिसरा प्रकार सर्वांत वाईट.

कॉर्डलेस माईक म्हणजे हातात धरलेले एक चिमुकले आकाशवाणी केंद्रच होय. त्याच्या दांड्यात ट्रान्समीटर असतो. तो साधारणपणे १० ते ५० मिलिवॅट इतक्या अल्प शक्तीने रेडिओलहरी सोडतो आणि टेबलावरचा रिसिव्हर त्या पकडून त्यांतून पुन्हा आवाज काढतो. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील शुअर कंपनीने १९५३ साली ‘व्हॅगाबाँड’ नावाचा बिनतारी माईक बाजारात आणला. जर्मनीतील सेनहायझरचा ‘मिक्रोपोर्ट’ १९५७ सालचा. १९६४ सालच्या ‘माय फेअर लेडी’ या चित्रपटात रेक्स हॅरिसन या नटाने आपली गाणी आधी ध्वनिमुद्रित करून नंतर ओठ हलविण्यास नकार दिला, तेव्हा त्याच्या नेकटायखाली बिनतारी माईक दडवावा लागला. हा चित्रपट शॉच्या ज्या ‘पिग्मॅलियन’ नाटकावर आधारलेला आहे, त्याच्यावरूनच पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले. फुलवालीचे उच्चार सुधारण्याची ही कथा पडद्यावर आली ती अशी बिनतारी माईकच्या मदतीने!

माईक आणि रिसिव्हर यांच्यात कोणकोणते गुण जुळावे लागतात ते आता क्रमाने पाहू. लग्नाच्या पत्रिकेत ते छत्तीस असतात. येथे चारच आहेत. पण त्यांतला एकही सोडून चालत नाही.

पहिला गुण : फ्रिक्वेन्सी

दोघांची फ्रिक्वेन्सी एक हवी, हे उघड आहे. ती बहुधा पाठीवरच्या लेबलावर मेगाहर्ट्झमध्ये छापलेली असते. जुन्या सेटचे मुख्य प्रकार दोन : व्हीएचएफ, म्हणजे बहुधा १७४ ते २१६ मेगाहर्ट्झच्या दरम्यानचे, आणि यूएचएफ, म्हणजे ४७० मेगाहर्ट्झच्या वरचे. लेबल पुसले गेले असेल तर अँटेना पाहावी. २०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दीड मीटर भरते आणि तिचा चौथा हिस्सा होतो साडेसदतीस सेंटिमीटर. ६०० मेगाहर्ट्झला हाच चौथा हिस्सा अवघा साडेबारा सेंटिमीटर असतो. म्हणून रिसिव्हरला ओढून लांब होणारी काठी असेल किंवा माईकच्या बुडाला वायरीची शेपटी लोंबत असेल, तर तो नग बहुतेक व्हीएचएफ समजावा. अँटेना वीतभरही नसेल तर यूएचएफ. या दोन जातींची सोयरीक कदापि होत नाही.

जुन्या सेटमध्ये फ्रिक्वेन्सी ठरविण्यासाठी क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक बसविलेला असतो. बिघडलेल्या माईकमधला स्फटिक काढून रिसिव्हरमध्ये बसवला की काम झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे होत नाही. रिसिव्हर आलेल्या लहरीत स्वतःची एक लहर मिसळतो आणि दोहोंमध्ये जो फरक राहतो त्यावर पुढचे काम करतो. हा फरक पुष्कळ सेटमध्ये १०.७ मेगाहर्ट्झचा ठेवलेला असतो. म्हणजे जोडी एक असली तरी दोघांचे स्फटिक मुळातच वेगळे असतात. पुढे स्फटिकाच्या जोडीला बटणाने फ्रिक्वेन्सी बदलणारे सेट आले. तेथेही पायऱ्या सारख्या नसतात. एखादा सेट २५ किलोहर्ट्झच्या पायरीने चढतो, तर एखादा २५० च्या. एकाची पायरी दुसऱ्याच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये पडली तर मेळ बसत नाही.

दुसरा गुण : हेलकावा

आवाज रेडिओलहरीवर कसा स्वार होतो? जुन्या कॉर्डलेस माईकमध्ये तो एफएम पद्धतीने होतो. रुंद पट्ट्याच्या एफएमचे पेटंट अमेरिकेतील एडविन आर्मस्ट्राँग यांना १९३३ साली मिळाले. या पद्धतीत लहरीची ताकद तीच राहते. आवाजाबरोबर तिची फ्रिक्वेन्सी तेवढी मधल्या जागेच्या दोन्ही बाजूंना हेलकावे खाते. आवाज मोठा तर हेलकावा मोठा. आपल्या एफएम रेडिओ केंद्राचा हेलकावा जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ दोन्ही बाजूंना जातो. माईकचा त्याहून कमी असतो आणि प्रत्येक घराण्याचा वेगळा असतो.

आता माईकचा हेलकावा मोठा आणि रिसिव्हरचा दरवाजा अरुंद असेल, तर मोठ्या आवाजाला लहर चौकटीवर आपटते. वक्ता शांत बोलतो तोवर सारे ठीक असते. घोषणा दिली की आवाज फाटतो. उलट, माईकचा हेलकावा लहान आणि रिसिव्हर मोठ्या हेलकाव्यासाठी बनविलेला असेल, तर आवाज बारीक येतो. माईकवाला अँप्लिफायरची चावी वाढवतो आणि आवाजाबरोबर खरखरही वाढते. पुष्कळ ठिकाणी हा दोष अँप्लिफायरच्या माथी मारला जातो. बिचाऱ्याचा त्यात काही अपराध नसतो.

तिसरा गुण : प्रमाण

हा गुण सर्वांत महत्त्वाचा. आणि तो लेबलावर लिहिलेला नसतो. कुजबुज सुमारे ३० डेसिबलची असते आणि जवळून मारलेली हाक सुमारे ९० ची. म्हणजे दोहोंत ६० डेसिबलचे अंतर. एवढा मोठा पल्ला इतक्या दुबळ्या लहरीवरून नेला तर कुजबुज खरखरीत बुडून जाते. यावर १९७० च्या दशकापासून जो तोडगा रूढ झाला, तो असा : माईकने आवाजाचा पल्ला निम्म्यावर आखडावा आणि रिसिव्हरने तो पुन्हा दुप्पट पसरावा. ६० चे ३० होतात आणि ३० चे पुन्हा ६०. पसरताना मधल्या वाटेवरची खरखर खाली दाबली जाते.

भूगोलाच्या विद्यार्थ्यांना हे नकाशाच्या प्रमाणासारखे वाटेल, आणि ते तसेच आहे. नकाशा एका प्रमाणात काढला आणि वाचणाऱ्याने दुसरे प्रमाण धरले, तर गावे त्याच दिशेला दिसतील, पण अंतरे सगळी खोटी निघतील. माईक आखडणारा आणि रिसिव्हर न पसरणारा असेल, तर कुजबुज आणि ओरडणे एकाच उंचीवर येते आणि दोन शब्दांमध्ये खरखर भरते. माईक न आखडणारा आणि रिसिव्हर पसरणारा असेल, तर ६० चे १२० होऊ पाहतात : हळू शब्द नाहीसे होतात आणि मोठे अंगावर येतात.

दोघेही आखडणारे-पसरणारे असले तरी जमतेच असे नाही. काही कंपन्या सगळीकडे निम्म्याचे प्रमाण ठेवतात. काही कंपन्या हळू आवाज तसाच सोडतात आणि मोठा आवाज तेवढा जास्त आखडतात. शिवाय आखडण्यास आणि सोडण्यास किती वेळ घ्यायचा, हेही ज्याचे त्याचे वेगळे. वेळ चुकला की प्रत्येक शब्दामागे ‘हुस्स’ असा सुस्कारा ऐकू येतो. माईक जणू धापा टाकतो. याच ठिकाणी आणखी एक उपाय केलेला असतो. खरखर तीक्ष्ण स्वरांत अधिक जाणवते, म्हणून माईक तीक्ष्ण स्वर मुद्दाम वाढवून पाठवितो आणि रिसिव्हर तेवढेच कमी करतो. वाढविणे आणि कमी करणे यांचा हिशेब जुळला नाही, तर ‘स’ आणि ‘श’ टोचू लागतात किंवा बोथट होतात.

चौथा गुण : परवलीचा सूर

माईक बंद केल्यावर जुना रिसिव्हर ‘खर्र’ करून सगळ्यांना दचकवतो, हे आपण अनुभवलेच असेल. त्याला आता लहर मिळत नाही आणि तो हवेतली खरखरच मोठी करून ऐकवीत असतो. यावर उपाय म्हणून पुष्कळ कंपन्यांनी माईकमधून आवाजाबरोबर एक बारीक सूर सोडण्यास सुरुवात केली. तो सुमारे ३२ किलोहर्ट्झचा असतो. माणसाच्या कानाची धाव २० किलोहर्ट्झपर्यंत, म्हणून तो आपल्याला ऐकू येत नाही. रिसिव्हर मात्र तो ऐकल्याशिवाय दार उघडत नाही. किल्ल्याच्या दरवाजावर परवलीचा शब्द विचारीत, तसेच हे.

परवल न देणारा माईक आणि परवल मागणारा रिसिव्हर एकत्र आले, तर रिसिव्हरवर लहर आल्याचा दिवा लागतो. पण आवाज नाही. येथे पुष्कळजण माईक बिघडला म्हणून तो फेकून देतात. माईक चांगला असतो. काही रिसिव्हरमध्ये ही परवल बंद करण्याची सोय असते. उलट, परवल देणारा माईक आणि ती न मागणारा रिसिव्हर यांचे सहसा बिनसत नाही. मात्र माईक बंद करताना ‘खर्र’ येणारच.

अलीकडच्या डिजिटल सेटविषयी एवढेच सांगावे की त्यांत आवाजाचे आकडे होतात आणि प्रत्येक कंपनीची आकडे मांडण्याची रीत निराळी. तेथे परक्या नगाशी जोडी जमविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

वाक्याचा शेवट आणि मराठी भाषा

आता भाषेकडे वळू. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि नकारही शेवटीच येतो. ‘मी येणार’ येथवर काहीच ठरत नाही. ‘आहे’ की ‘नाही’ ते पुढे. आणि बोलताना आपला आवाज नेमका वाक्याच्या शेवटी खाली उतरतो, कारण तेथे श्वास संपत आलेला असतो. सवयीचा वक्ता शेवटचा शब्द उचलून धरतो. नवखा माणूस, विशेषतः घरात हळू बोलण्याची सवय लावलेली मुलगी, तो शब्द सोडून देते.

तिसऱ्या गुणाचा हिशेब येथे मांडून पाहा. वाक्याच्या शेवटी आवाज १० डेसिबलने उतरला तर तो कानाला साधारण निम्मा वाटतो. एवढ्याने शब्द बुडत नाही. पण माईकने हळू आवाज न आखडता पाठविला आणि रिसिव्हरने तो नेहमीच्या सवयीने दुप्पट पसरला, तर १० चे २० होतात आणि निम्म्याचा चतकोर होतो. मागच्या रांगेपर्यंत तो चतकोर पोहोचत नाही.

आमच्या भागातील एका गावच्या ग्रामसभेला मी काकांबरोबर कर्णे बांधण्यासाठी गेले होते. माईक आणि रिसिव्हर गावातलेच, दोन वेगवेगळ्या सेटचे. पाण्याची टाकी कोणत्या जागेवर बांधावी, हा विषय होता. एक मध्यमवयीन बाई उठल्या, माईक दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या, “ही जागा आम्हां बायकांना मान्य नाही.” मी त्यांच्याजवळ उभी होते, म्हणून मला ‘नाही’ ऐकू आले. कर्ण्यातून आले ते “ही जागा आम्हां बायकांना मान्य” एवढेच. मागच्या ओट्यावरून कोणी तरी समाधानाने म्हणाले, “झालं, बायकांचं पण मान्य आहे.” बाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटले आणि पुन्हा तेच झाले. शेवटी त्यांनी माईक टेबलावर ठेवला आणि उघड्या गळ्याने सांगितले. तेव्हा कोठे सभा वळून त्यांच्याकडे पाहू लागली.

त्यांच्या आधी दोन पुढारी त्याच माईकवरून बोलले होते. त्यांचा एकही शब्द बुडाला नव्हता, कारण ते मोठ्याने बोलत होते. न जुळलेली जोडी सगळ्यांवर सारखा अन्याय करीत नाही. ज्याचा आवाज आधीच मोठा आहे त्याला ती सांभाळून घेते. ज्याला माईकची खरी गरज आहे त्यालाच दगा देते. ‘चालल्यासारखे वाटणे’ सर्वांत वाईट, असे आरंभी म्हटले ते यासाठी.

जोडी पारखावी कशी?

पारखायला मोठी यंत्रे लागत नाहीत. माईकमध्ये नवी बॅटरी घालावी आणि बाकीचे सर्व माईक बंद ठेवावेत. प्रथम नुसता रिसिव्हर चालू करावा. माईक बंद असताना लहरीचा दिवा लागला, तर त्या फ्रिक्वेन्सीवर दुसरेच कोणी तरी आहे असे समजावे. मग माईक चालू करावा. लहरीचा दिवा लागला आणि आवाजाचा लागला नाही, तर परवल तपासावी. दोन्ही लागले तर किल्ल्यांचा जुडगा माईकपुढे खुळखुळवावा. हा साऊंडवाल्यांचा जुना उपाय आहे. जोडी चांगली असेल तर किल्ल्या किल्ल्यांसारख्याच वाजतात. प्रमाण चुकले असेल तर किणकिण चुरगळते आणि तिच्यामागे सुस्कारा येतो. त्यानंतर तारेचा एक माईक शेजारी घेऊन तेच वाक्य दोन्हींवर हळू आवाजात म्हणावे आणि शेवटचा शब्द मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या मित्राने ऐकून सांगावा.

परीक्षेत काठावर पास झालेली जोडी पुकाऱ्यासाठी ठेवण्यास हरकत नाही : ‘पुढची स्पर्धक तयार राहावी’, ‘गाडी क्रमांक अमुक बाजूला घ्यावी’, इत्यादी. नाटक, गाणे, वक्तृत्व आणि सभा यांसाठी ती वापरू नये. तेथे तारेचा साधा माईक शतपटीने बरा.

आणखी दोन सूचना. एका रिसिव्हरवर एका वेळी दोन माईक चालत नाहीत. एफएमचा रिसिव्हर बलवान लहर धरतो आणि दुबळी सोडतो, आणि दोन्ही सारख्याच असल्या तर शिट्ट्या घालतो. उलट, एकाच माईकवर दोन जुळणारे रिसिव्हर लावता येतात. एक सभागृहासाठी, दुसरा ध्वनिमुद्रणासाठी. दुसरी सूचना अनेक सेट एकत्र वापरणाऱ्यांसाठी. फ्रिक्वेन्सी समान अंतरावर ठेवू नयेत. ६००.० आणि ६००.४ मेगाहर्ट्झचे दोन माईक जवळजवळ आले की त्यांच्या संयोगातून भुते निघतात. ६००.४ ची दुप्पट करून त्यातून ६००.० वजा केले की ६००.८ येते. तिसरा माईक नेमका ६००.८ वर असेल, तर भूत त्याच्याच मानगुटीवर बसते.

शेवटी कायद्याची बाब. जुन्या यूएचएफ सेटपैकी कित्येक ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे आहेत. अमेरिकेत त्या पट्ट्यातील बिनतारी माईक १२ जून २०१० नंतर वापरण्यास मनाई झाली आणि ६०० च्या पट्ट्यातील बहुतेक भागातून त्यांना १३ जुलै २०२० पर्यंत बाहेर पडावे लागले. असे निवृत्त नग जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. भारतातही २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरी मोबाईल सेवेसाठी विकल्या गेल्या आहेत. म्हणून लेबलावर ७०३ ते ७४८ किंवा ७५८ ते ८०३ यांतला आकडा दिसला, तर तो नग कितीही चकचकीत असला तरी घेऊ नये आणि घरात असेल तर वापरू नये.

काका जुळलेल्या जोडीच्या दोन्ही नगांना एकाच रंगाची चिकटपट्टी गुंडाळतात : लाल माईक, लाल रिसिव्हर. न जुळलेल्यांना काळी. आपल्या सभागृहाच्या कपाटातील सुट्या नगांची एखाद्या रविवारी अशीच वर्गवारी करता येईल. त्यासाठी लागणाऱ्या चिकटपट्ट्या मी आणीन. एक विनंती मात्र सर्वांनाच आहे. माईक तपासताना आपण ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’ म्हणतो. हे शब्द मोठ्याने आणि तोडून म्हटले जातात. त्यांत वाईट जोडीही पास होते. त्याऐवजी आपल्या नेहमीच्या आवाजात, न ओरडता, ‘मला हे मान्य नाही’ असे म्हणावे, आणि मागच्या भिंतीपाशी ‘नाही’ पोहोचले की नाही ते विचारावे.